पहिल्या पंगतीचा मान

बॉस्टनहून मोटारीने उत्तरेला निघाले, की दीड तासाच्या आत मेरिमॅक नदीकाठचे काँकर्ड लागते. न्यू हॅम्पशायर राज्याची ही राजधानी. ग्रॅनाइटचे विधानभवन, त्यावर सोनेरी घुमट आणि निवांत रस्ते. राज्याची वस्ती जेमतेम चौदा लाख! पण दर चार वर्षांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे इच्छुक इथल्या बर्फात दारोदार हिंडतात.

कारण एकच. पक्षाचा उमेदवार तिथे मतदार निवडतात, पण राज्याराज्यांत पाळीपाळीने. या ‘प्रायमरी’ची पहिली पाळी 1920 पासून न्यू हॅम्पशायरची. इतर कोणत्याही प्रायमरीच्या निदान सात दिवस आधी आपली व्हावी, असा कायदाच राज्याने करून ठेवला! त्या पाळीचा प्रताप पाहा. 1968 साली इथे मॅकार्थींना 42 टक्के मते पडली. अध्यक्ष जॉन्सन जिंकले खरे. पण त्याच महिन्यात त्यांनी निवडणुकीतून अंग काढून घेतले.

मँचेस्टरच्या एका उपाहारगृहात शेजारच्या वृद्ध बाई मला म्हणाल्या, “इथे उमेदवाराला दारात उभा करून औषधांच्या किमती विचारता येतात. मोठ्या राज्यात तो नुसता पडद्यावर दिसतो.”

मला ते पटले. पण परतीच्या बसमध्ये कॅलिफोर्नियाचे एक गृहस्थ भेटले. “2016 साली आमचे मतदान 7 जूनला होते. हिलरी क्लिंटन यांची उमेदवारी पक्की झाल्याची बातमी आली आदल्याच रात्री! मग आम्ही मत कशाला द्यायचे?” शेवटच्या पंगतीचे दुःख ते हेच.

शिवाय न्यू हॅम्पशायरात दहांतले नऊ लोक गोरे. म्हणून 2024 साली डेमोक्रॅटिक पक्षाने पहिला मान साउथ कॅरोलायनाला दिला. न्यू हॅम्पशायरने मुळीच ऐकले नाही. 23 जानेवारीला मतदान उरकले. मतपत्रिकेवर बायडेन यांचे नाव नव्हते. समर्थकांनी ते हाताने लिहून त्यांना जिंकवले!

देशाचे चार विभाग करून पाळी फिरती ठेवावी, अशी योजना राज्यांच्या सचिवांच्या संघटनेने 1999 पासूनच मांडली आहे. पण गंमत अशी, की तिच्यातही आयोवा आणि न्यू हॅम्पशायर यांचे पाट राखूनच ठेवलेले!

मला वाटते, बाईंचेही खरे आणि त्या गृहस्थांचेही. पहिली पंगत लहानच असावी. म्हणजे वाढणाऱ्याला प्रत्येकाची विचारपूस करता येते. मात्र दर खेपेला तिच्यात त्याच पाहुण्यांनी का बसावे?