आल्या क्रमाने

शब्दकोशातले शब्द मला नेहमी शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारखे वाटतात. कोण कोणाचा सोबती, कोण कोणाबरोबर आला, याची कोणी दाद घेत नाही. वर्णमालेच्या शिस्तीत सगळे मुकाट्याने रांगेत!

‘पायथन’ या संगणकभाषेतही ‘डिक्शनरी’ असते. मराठीच्या प्राध्यापकाला तिची ओढ नावामुळेच लागली, हे सांगायला नकोच. शब्द आणि त्यापुढे त्याची नोंद, अशा जोड्या तिच्यात ठेवायच्या. पूर्वी यंत्र शब्दावरून एक आकडा काढी आणि ती जोडी त्या आकड्याच्या खणात टाकी. शब्द क्षणात सापडे. पण सबंध यादी मागितली, की क्रम भलताच! रेमंड हेटिंगर यांनी २०१२ साली एक तोड सुचवली : नोंदी आल्या क्रमाने सलग लिहाव्यात, आणि खणांत फक्त त्यांचे अनुक्रमांक ठेवावेत. हेतू होता जागा वाचवण्याचा. क्रम टिकला, तो ओघाने. २०१८ साली आलेल्या ३.७ या आवृत्तीपासून मात्र तो भाषेचा नियमच झाला.

माझ्या आईने तिच्या शेवटच्या वर्षी मला घरातले जुने शब्द सांगितले. ते मी अशाच एका डिक्शनरीत ठेवले आहेत : चूल, वैल, फुंकणी, सरपण, रहाट, पोहरा. वर्णानुक्रमे लावले, तर चुलीला लागून पोहरा येतो आणि सरपण जाते अगदी शेवटी. कोशाला ते शोभेल. पण आई ज्या क्रमाने बोलली त्या क्रमाने वाचू लागलो, की ती स्वयंपाकघरातून मागल्या दाराने विहिरीकडे निघालेली दिसते. ते घर आज उभे नाही, आईही नाही. तिची वाट तेवढी यादीत राहिली आहे.

या डिक्शनरीची एक रीत मला फार आवडते. शब्दापुढची नोंद मागाहून बदलली, तरी शब्दाची जागा ढळत नाही. पण शब्दच काढून पुन्हा घातला, तर तो रांगेच्या शेवटी जातो. म्हणून आईच्या नोंदी मी सुधारतो. पुसत मात्र नाही.

एक गोष्ट तेवढी मनाला पटत नाही. त्याच जोड्या निराळ्या क्रमाने घातलेल्या दोन डिक्शनऱ्या पायथन समान मानते. हिशेबाला ते बरोबर असेल. पण तुम्हीच सांगा, एका यादीत माझे घर आहे आणि दुसरीत नुसते सामान; त्या दोन्ही सारख्या कशा?