मार खाल्लेल्या माणसाचे हसू

जबलपूर म्हटले की भेडाघाटचे संगमरवरी खडक आठवतात. याच गावात हरिशंकर परसाई राहत. हिंदीतले मोठे व्यंगलेखक. १९७३ साली त्यांचे लिखाण न रुचलेल्या काही जणांनी घरात शिरून त्यांना मारहाण केली.

दुसऱ्या कुणी दाराला कडी लावून लेखणी खाली ठेवली असती, आणि त्याला दोष तरी कोण देणार? परसाई अविवाहित, विधवा बहिणीचा संसार सांभाळणारे. पण त्यांनी त्या मारावरच विनोदी लेख लिहिला. ‘पिटने-पिटने में फर्क’ हे त्याचे नाव. त्यात विव्हळणे नाही की शिव्याशाप नाहीत. ज्याला घाबरवायला गेलो तोच हसतो आहे, हे मारणाऱ्याला किती झोंबले असेल!

हे हसू फार महागात मिळालेले होते. ‘गर्दिश के दिन’ या लेखात त्यांनी आपल्या शाळकरी वयातली प्लेगची साथ सांगितली आहे. गाव ओस पडलेले, आई अंथरुणावर. रात्री घरची मंडळी तिच्यापुढे आरती म्हणत आणि म्हणता म्हणता रडू लागत. आई गेली, वडील खचले. थोरल्या मुलाने अठराव्या वर्षी जंगल खात्यात नोकरी धरली. पुढे शाळामास्तरकी केली, नागपूर विद्यापीठातून एम.ए. केले आणि १९५७ मध्ये नोकरी सोडून ते फक्त लिहू लागले.

फेब्रुवारी १९६१ मध्ये जबलपुरात मोठी दंगल झाली. अफवांनी आणि भडक बातम्यांनी आगीत तेल ओतले. काल एकमेकांकडे उठबस असलेली माणसे एका दिवसात परकी कशी होतात, हे या शहराने पाहिले.

‘इन्स्पेक्टर मातादीन चाँद पर’ ही त्यांची कथा वाचावीच. भारतातला फौजदार चंद्रावर जातो आणि जखमी माणसाला दवाखान्यात नेणाऱ्यालाच खुनी ठरवण्याची विद्या तिथल्या पोलिसांना शिकवतो. परिणाम? चंद्रावर कुणी कुणाच्या मदतीला जाईनासे होते. वाचताना पोट धरून हसू येते, मग शेजारचे दार आठवते. आरडाओरडा ऐकून आपण ते वाजवले होते का?

पाय मोडल्याने परसाईंची अखेरची बरीच वर्षे अंथरुणावर गेली. तरी ‘देशबंधु’तले ‘पूछिए परसाई से’ हे सदर चालूच होते. वाचक काहीही विचारत आणि ते बिछान्यातून उत्तरे देत. १० ऑगस्ट १९९५ रोजी जबलपुरातच ते गेले. गावातल्या ‘विवेचना’च्या कलावंतांनी त्यांची ‘निठल्ले की डायरी’ रंगमंचावर आणली. त्यांचे शब्द ऐकून लोक खळखळून हसले, आणि अधूनमधून एकदम गप्पही झाले.