पेट्रोलची पिकअप आणि मागचे घर

अमेरिकेत पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात. गावी फोनवर ‘आमची गाडी गॅसवर चालते’ म्हटले की समोरून हमखास सिलिंडरची चौकशी होते. सिलिंडर आठ आहेत, पण ते इंजिनातले. ५.३ लिटरची ही पिकअप एरवी आम्हाला डेन्व्हरच्या उपनगरात शाळा आणि किराणा यांच्या फेऱ्या मारून देते. वर्षातून तीन-चार वेळा मात्र तिच्या मागे कॅम्पर जोडतो. कॅम्पर म्हणजे दोन चाकजोड्यांवरचे छोटे घर : पलंग, शेगडी, फ्रिज आणि संडास.

हे घर आम्ही घेतले ते अब्बांमुळे. ते खेडहून तीन महिन्यांसाठी येणार होते. साखरेचा त्रास असल्याने त्यांना तासातासाला उतरावे लागते आणि बाहेरचे जेवण चालत नाही. हॉटेलात हलाल मिळेल की नाही हा प्रश्न वेगळाच. स्वतःचे स्वयंपाकघर बरोबर असले की तांदळाची भाकरी कुठेही भाजता येते.

गाडी घेताना विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले होते, “ही चार टन ओढते.” ओढते, हे खरे. पण ओढणे वेगळे आणि पाठीवर घेणे वेगळे. चालकाचे दार उघडले की चौकटीवर एक लहान चिठ्ठी चिकटवलेली दिसते, तिच्यावर गाडीत जास्तीत जास्त किती वजन चालेल ते लिहिलेले असते. आमच्या चिठ्ठीवर सुमारे ७४५ किलो आहे. सामानासह कॅम्पर अडीच टनांचा. त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार जोडणीच्या गोळ्यावर, म्हणजे पिकअपच्या पाठीवर येतो. बारा टक्के धरले तर ३०० किलो. जोडणीचे लोखंड ४० किलो. आम्ही दोघे, दोन मुले आणि अब्बा मिळून ३३०. उरले ७५ किलो! म्हणून हौद्यात आम्ही फारसे काही टाकत नाही आणि कॅम्परची पाण्याची टाकीही रिकामी नेतो. तिच्यात दीडशे लिटर मावते. ते पाणी मुक्कामी भरायचे.

हा भार कमी केला तर बरे, असे वाटेल, पण तसे नाही. सामान मागच्या टोकाला गेले की पुढचे तोंड हलके होते आणि वेगात कॅम्पर शेपटीसारखा डोलू लागतो. अब्बांना हे समजावून सांगावे लागले नाही. “बैलगाडी मागे जड झाली की उलाळते, तसेच ना?” एवढेच ते म्हणाले आणि तांदळाचे पोते स्वतः उचलून पुढे ठेवायला लागले. आम्ही ते काढून घेतले.

अब्बांनी पंचवीस वर्षे ट्रक चालवला. आंब्याच्या पेट्या घेऊन रात्री कशेडी घाट ओलांडून मुंबई गाठायची, हा त्यांचा हंगाम. डिझेलवर वाढलेल्या माणसाला पेट्रोलची गाडी इतके ओढील, हे पटत नव्हते. इथेही अनेकजण तेच म्हणतात, आणि जड घर वारंवार डोंगरातून न्यायचे असेल तर ते बरोबरच आहे. पण डिझेलच्या पिकअपला कित्येक हजार डॉलर जास्त पडतात. वर्षातून चार सफरींसाठी ते आम्हाला परवडणारे नव्हते.

डेन्व्हरहून पश्चिमेला इंटरस्टेट ७० धरला की आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढच चढ. बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. तिथे हवा विरळ, आणि टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद गमावते. म्हणजे माथ्यावर एक तृतीयांश घोडे गायब! आम्ही उजव्या मार्गिकेत, मालट्रकांच्या रांगेत, तासाला साठ किलोमीटरने चढत होतो. इंजिन मोठ्याने ओरडत होते. मुले घाबरली. अब्बा म्हणाले, “ओरडू दे. घाटात गाडी गप्प झाली की काळजी करायची.”

खरी परीक्षा बोगद्याच्या पलीकडे होती. तिथून सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत सात टक्क्यांपर्यंतचा उतार आहे, आणि ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला खडी घातलेल्या चढाच्या वाटा केलेल्या आहेत. त्या वाटा बघूनच पोटात गोळा येतो. मोठ्या डिझेल पिकअपना उतारावर इंजिनाचा ब्रेक असतो. पेट्रोल इंजिन तेवढे धरत नाही, पण खालच्या गिअरमध्ये ठेवले तर बऱ्यापैकी धरते. “ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्यातच उतरा,” हा अब्बांचा कशेडीचा नियम. आम्ही बोगद्यातून बाहेर पडण्याआधीच वेग कमी करून गिअर खाली आणला. ब्रेकवर पाय सतत ठेवला नाही. वेग वाढला की घट्ट दाबायचा, कमी झाला की पूर्ण सोडायचा. कॅम्परला स्वतःचे विजेचे ब्रेक आहेत, त्यांचे बटण स्टिअरिंगजवळ असते. तो डोलू लागला तर पिकअपचा ब्रेक मारायचा नाही, फक्त तेच बटण दाबायचे. त्या दिवशी त्याची गरज पडली नाही, अल्हम्दुलिल्लाह.

सिल्व्हरथॉर्नला थांबलो तेव्हा अब्बा काठी टेकत उतरले, प्रत्येक चाकाजवळ उलटा हात नेऊन ऊब पाहिली आणि वास घेतला. “जळले नाही. चहा टाका.” कॅम्परमध्येच चहा झाला, तिथेच जोहर झाली.

पेट्रोलचा हिशेब मात्र लपवण्यात अर्थ नाही. एरवी हमरस्त्यावर गॅलनला वीस मैल देणारी गाडी कॅम्परसह नऊ देते. पालिसेडपर्यंतच्या सुमारे ३७० किलोमीटरना जवळपास शंभर लिटर गेले. अब्बांनी त्याचे रुपये केले आणि बराच वेळ बोलले नाहीत.

मुक्काम कोलोरॅडो नदीकाठी होता. कॅम्पर मागे घेताना आमच्यात नेहमी होतो तसा खटका उडाला. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला ठेवला की जिकडे हात तिकडे कॅम्पर वळतो, हे दोघांनाही पाठ आहे. पण एक ‘डावीकडे’ म्हणतो तेव्हा ती कोणाची डावी, हे अजून ठरलेले नाही. टाकी भरली. दीडशे लिटरमध्ये पाच माणसांचे तीन दिवस काढायचे, म्हणून वजूला नळाऐवजी लोटा आला. मुलांना त्याचीच मजा वाटली.

पालिसेड पीचसाठी प्रसिद्ध आहे. निघायच्या सकाळी अब्बा बागेत गेले, एकेक फळ हापूससारखे देठाकडून हुंगून एक मोठी पेटी निवडली आणि हौद्याशी आणून ठेवली. मग आमच्याकडे वळून विचारले, “पंचाहत्तरातले किती उरले?”