काका आणि शनिवारवाडा

"आमचा दारव्ह्याला वाडा आहे," असं मी पुण्यात पस्तीस वर्षं सांगत आलो. पुण्यात असं काहीतरी सांगावंच लागतं. इथं ज्याला स्वतःचा वाडा नसतो, त्याला निदान दुसऱ्याच्या वाड्यात भाडेकरू म्हणून जन्मल्याचा तरी अभिमान असतो. माझा जन्म यवतमाळ जिल्ह्यातला. त्यामुळे हे वाक्य म्हणताना मी आवाज जरा खाली आणत असे. श्रीमंती हळू आवाजात सांगितली की आहे त्यापेक्षा मोठी वाटते.

प्रत्यक्षात आमचा वाडा म्हणजे पांढऱ्या मातीच्या दोन हात रुंद भिंती, बारा सागवानी खांब, पुढे ओसरी, मागे विहीर आणि वर मातीचं धाबं. पावसाळ्यात बाहेरचा पाऊस थांबला तरी आतला दोन दिवस चालू राही. मग माजघरात कुठं गंज, कुठं बादली, कुठं परात अशी मांडामांड होई. परात 'टण्ण' म्हणे, गंज 'टुब' म्हणे, बादली नुसतीच हुंकार देई. काका याला जलतरंग म्हणत. आमच्या आजोबांनी मात्र या वास्तूला एकदाच आणि कायमचं नाव देऊन टाकलं होतं, 'दारव्ह्याचा शनिवारवाडा'. आजोबांनी शनिवारवाडा पाहिलेला नव्हता. उपमा देताना त्याची गरजही नसते.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वय वर्षं चौऱ्याऐंशी. आम्ही सहा चुलतभावंडं नागपूर, पुणे आणि एक थेट कॅनडा अशी पांगलेली. काकू गेल्यावर वाड्यात काका एकटेच उरले. गेल्या पावसाळ्यात मागची भिंत पडली. काका 'पडली' म्हणत नाहीत. "बसली," म्हणतात. "इतकी वर्षं उभी होती, थकली, बसली." मग गिऱ्हाईक आलं. आम्ही सहाही जणांनी 'विकून टाका' असं एकमुखानं सांगितलं. आमच्या घराण्यात एकमत होण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

काकांचा फोन आला. "सही करतो मी. पण अगोदर तुमचा शनिवारवाडा पाह्यतो. अस्सल पाह्यल्याबिगर नक्कल कशी विकू?"

पूर्वी दारव्ह्याहून निघायचं म्हणजे शकुंतला असे. अरुंद रुळांवरून यवतमाळ ते मूर्तिजापूर अशा बेतानं जाणारी, की वाटेत उतरून बोरं वेचावीत आणि पळत जाऊन पुन्हा त्याच डब्यात चढावं. ती आता बंद आहे. काका रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आले आणि सकाळी चहा पिताच म्हणाले, "चल."

मी आदल्या रात्री अभ्यास करून ठेवला होता. पस्तीस वर्षं पुण्यात राहिलेल्या माणसाला शनिवारवाड्याची माहिती नसते, तो फक्त तिथल्या वाहतुकीला शिव्या देतो. दिल्ली दरवाजासमोर उभा राहून मी सुरुवात केली. "काका, थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० ला पायाभरणी केली. शनिवार होता. २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत. तोही शनिवार. म्हणून शनिवारवाडा."

"दोन वर्षांत? आपल्या ओसरीची फरशी तीन वर्षं चालली होती. खर्च?"

"सोळा हजार एकशे दहा रुपये."

काकांनी मनात हिशेब केला. "आपले बारा खांबच त्याच्यापेक्षा जास्तीत चालले," ते म्हणाले आणि प्रथमच जरा खूश दिसले.

दरवाजा पाहून मात्र ते गप्प झाले. अंबारीसकट हत्ती आत जाईल एवढा तो उंच. फळ्यांवर हत्तीच्या गंडस्थळाच्या उंचीवर बारा-बारा इंचांचे लोखंडी खिळे, असे बहात्तर. शत्रूच्या हत्तीनं धडक मारू नये म्हणून. आत शिरलं की वाट सरळ जात नाही, एकदम वळते, म्हणजे फौजेला धावत घुसता येऊ नये. काकांनी एका खिळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "आपल्या दिंडीला हे असते तं विमा एजंट आत आले असते का?"

तटाचं खालचं काम दगडी आणि वरचं विटांचं का, तेही मी सांगितलं. अशी कथा सांगतात की सगळा वाडा दगडी व्हायचा होता, पण दगडी कोट बांधण्याचा मान फक्त राजाचा, अशी तक्रार साताऱ्याला शाहू महाराजांकडे गेली. म्हणून पुढचं काम विटांवर उरकलं.

"म्हंजे बांधकामाची परवानगी तवाही आडवीच येत होती," काका म्हणाले. "चल, आता वाडा दाखव."

आम्ही वळणातून आत आलो. समोर हिरवळ, पायवाटा, झाडं आणि मधूनमधून गुडघाभर उंचीची दगडी जोती.

"दाखव नं."

"काका, हाच वाडा."

काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला आणि चारी बाजूंना पाहिलं. तट होता, नऊ बुरूज होते, पाच दरवाजे होते.

"हे तं नुसतं कंपाउंड आहे रे बाबू!"

यवतमाळ जिल्ह्यातून रात्रभर बसून आलेल्या माणसाची यापेक्षा घोर फसवणूक होऊ शकत नाही. मी घाईघाईनं सांगू लागलो. इथं सात मजले होते म्हणतात. सर्वांत वरच्या मेघडंबरीतून आळंदीचा कळस दिसे म्हणतात. इथं गणेश महाल होता, नाचाचा दिवाणखाना होता, आरसे महाल होता. हे सोळा पाकळ्यांच्या कमळाचं हजारी कारंजं. सवाई माधवराव १७९५ साली वरून पडले ते याच वाड्यात. हे सांगताना जिथं जिथं मी बोट दाखवत होतो, तिथं तिथं आकाश होतं.

"मग गेलं कुठं सगळं?"

"जळलं. १८१८ मध्ये पेशवाई संपली, इंग्रजांचा कलेक्टर इथं राहायला आला. २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली, ती सात दिवस जळत होती. सगळं आतलं काम सागवानी होतं. लाकूड जुन्नरकडच्या जंगलातलं."

"यवतमाळचं सागवान मागवायचं होतं."

"जळलं नसतं?"

"जळलं असतं. पण सात दिवस नाही, पंधरा दिवस पुरलं असतं."

आम्ही एका जोत्यावर बसलो. नागपूरकर भोसल्यांचा काळ्या दगडाचा, नक्षीदार लाकूडकामाचा वाडाही असाच १८६४ मध्ये जळाल्याचं काकांनीच मला ऐकवलं. विदर्भ मागे राहता कामा नये. मीही मग पेकिंगच्या बादशहाला मदतीला बोलावलं. त्याचा एवढा थोरला लाकडी राजवाडा १४२० मध्ये पुरा झाला आणि १४२१ मध्ये वीज पडून त्याचे तीन मुख्य महाल खाक झाले. पुढं तिथं अंगणोअंगणी पाण्यानं भरलेली धातूची प्रचंड भांडी ठेवली. थंडीत पाणी गोठू नये म्हणून त्यांच्याखाली विस्तवही करत.

"आगीसाठी भांडी मांडत होते," काका विचार करत म्हणाले. "आपण पाण्यासाठी मांडतो. वाडा म्हटला की भांडी मांडावीच लागतात."

इतक्यात कुठल्या तरी शाळेची सहल आली. पोरांना शनिवारवाड्यातलं एकच वाक्य ठाऊक असतं. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांचा इथं खून झाला, आणि तेव्हाची त्यांची म्हणून सांगितली जाणारी हाक पोरं तटाकडे तोंड करून जिवाच्या आकांतानं मारू लागली, "काका, मला वाचवा!" प्रत्येक हाकेला आमचे काका मान वळवून पाहत. चौथ्या वेळी म्हणाले, "हे पोट्टे मलेच बोलावून राह्यले का?"

मी गोष्ट सांगितली. काका हसले. मग काठीनं मातीत रेघोट्या ओढत म्हणाले, "पुतण्याची हाक इतकी वर्षं ऐकू येते म्हणतात. काकाची कोणाले येत नाही का रे? 'पुतण्या, मले वाचव' म्हणून?"

विनोदच होता. मी हसलोही. पण 'विकून टाका' म्हणणाऱ्या सहा जणांत माझा फोन पहिला होता, हे मला आठवलं आणि काकांनाही आठवत असावं.

निघताना ते वाकून एका जोत्याचे दगड चाचपत राहिले. हा वाडा १९१९ साली संरक्षित स्मारक झाला आणि त्यानंतर ही जोती मातीखालून उकरून काढली, असं मी म्हणालो. "बरोबर आहे," काका म्हणाले. "माडी जाते, नाव जाते. जोतं राह्यते."

दारव्ह्याला जाऊन त्यांनी सही केली. एकच अट घातली की वर काय वाटेल ते बांधा, पण जोत्याचा दगड हलवायचा नाही. गिऱ्हाईकानं ती आनंदानं मान्य केली, कारण ते जोतं फोडायला पैसे पडले असते. खांब गेले, दिंडी गेली. काका आता तिथून जवळच सिमेंटच्या स्लॅबच्या दोन खोल्यांत राहतात. पुण्याला या म्हटलं तर म्हणतात, "पाह्यलं नं पुणं."

या जुलैत तिकडे मोठा पाऊस झाल्याचं पेपरात वाचलं आणि मी रात्री फोन केला.

"काका, गळत तर नाही ना?"

"थेंब नाही. पक्कं काम आहे."

"मग बरं आहे. आणि तुम्ही अजून जागे कसे?"

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "झोप येत नाही रे बाबू. पाऊस पडून राह्यला, अन् घरात काहीच वाजत नाही."