फवारणीच्या आधी भिंग

शहरात झाडाला कीड लागल्याचे बहुधा खाली उभ्या असलेल्या मोटारीच्या चिकट काचेवरून लक्षात येते. पिठ्या ढेकूण, मावा, खवले कीड हे रस शोषणारे कीटक नको असलेली साखर गोड, चिकट द्रवाच्या रूपाने बाहेर टाकतात. या द्रवाला मधुरस म्हणतात, आणि त्यावर वाढणारी काजळीसारखी बुरशी पाने काळी करू लागली की सोसायटीच्या आवारात औषधाचा पंप येतो.

पंपाआधी भिंग यावे, असा या कामातील जाणत्यांचा आग्रह असतो. जास्वंदीच्या शेंड्यावर साचलेला पांढरा कापूस दहा पट मोठा करून पाहिला, तर त्यात मेणाने माखलेल्या पंखहीन माद्या व त्यांच्या अंड्यांच्या थैल्या दिसतात. मधूनच एखादे तपकिरी, कडक झालेले शरीर दिसते आणि त्याला गोल छिद्र असते, म्हणजे परजीवी गांधीलमाशी, जिची पिल्ले ढेकणाला आतून खात वाढतात, आपले काम उरकून उडून गेलेली असते. याच गर्दीत त्याहून लांब मेणतंतूंचा एक चपळ जीव फिरत असतो. तो क्रिप्टोलीमस या ऑस्ट्रेलियन ढालकिड्याची अळी असते. कॉफीवरील खवले किडीसाठी हा ढालकिडा १८९८ साली भारतात आणला गेला. त्याची अळी ढेकणासारखीच दिसत असल्यामुळे हौशी बागकाम करणारे तिलाच आधी चिरडतात, ही या विषयातील सर्वांत महाग पडणारी चूक म्हणावी लागेल.

सरसकट फवारणीतही तेच घडते, कारण मेणाचे आवरण व अंड्यांची थैली ढेकणांना बरेच वाचवते, तर उघड्यावर वावरणारे त्यांचे शत्रू मरतात. मधुरसासाठी मुंग्या ढेकणांची राखण करतात व परजीवींना हुसकावतात. म्हणून खोडाभोवती कापडाची पट्टी बांधून तिला चिकट लेप लावणे आणि भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकलेल्या फांद्या छाटणे हा पुष्कळदा औषधाहून चांगला उपाय ठरतो. परजीवींचे सामर्थ्य पपईवरील पिठ्या ढेकणाने भारताला दाखवले: मध्य अमेरिकेकडची ही कीड २००८ साली कोइमतूरजवळ आढळली, आणि २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून आणलेल्या ॲसेरोफॅगस या गांधीलमाशीने ती आवाक्यात आणली.

मुंबईतील पर्जन्यवृक्षांची गोष्ट इतकी सरळ नाही. बुंध्यापर्यंत ओतलेले काँक्रीट मुळांचे पाणी तोडते, पानांवरची धूळ उपकारक कीटकांना अडथळा करते आणि अशा खंगलेल्या झाडावर पिठ्या ढेकूण बळावतात. तेथे बुंध्याभोवतीची जमीन मोकळी करण्याऐवजी केवळ कीडनाशकाची निविदा काढणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कीडग्रस्त फांद्या छाटल्यावर त्या आवारातून फरफटत नेणेही घातकच, कारण अंड्यांतून नुकतीच निघालेली रांगती पिल्ले वाऱ्यावर, कपड्यांवर व अवजारांवर बसून शेजारच्या झाडापर्यंत पोहोचतात, त्यामुळे छाटलेल्या फांद्या जागेवरच पिशवीत बांधाव्या लागतात.