तुम्ही त्यातले वाटत नाही

'तुम्ही त्यातले वाटत नाही हो.'

मुंबईत हे वाक्य शिवी म्हणून कुणी वापरत नाही. बक्षीस म्हणून देतात. चहाच्या वेळी, डबा उघडताना, आडनाव कळल्यावर घटकाभर थांबून. देणाऱ्याच्या चेहऱ्यावर मोठेपणा असतो आणि घेणाऱ्यानं आभार मानावेत अशी अपेक्षा. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात चारचौघांत हेतूनं केलेल्या अपमानाला कलम आहे. कौतुकाला कलम नाही.

मी गोरा आहे. डोळे घारे, आजीचे. धाकटा भाऊ काळा, बापासारखा. घाटकोपरच्या रमाबाई कॉलनीत दोघं वाढलो. ११ जुलै १९९७ ला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, माणसं रस्त्यावर आली, पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि १० जण मेले, तीच ही वस्ती. त्यामुळं आमचा पत्ता हाही एक चेहराच आहे. पत्ता सांगितला की समोरचा परत एकदा नीट बघतो. मी अंधेरीला एका कचेरीत हिशेब लिहितो, भाऊ वायरमन. २०१४ साली मेट्रो झाल्यापासून सकाळी दोघं एकाच डब्यात लोंबकळत जातो. मला 'वाटत नाही' म्हणतात. त्याला कुणी काहीच म्हणत नाही. त्याचं पुढं सांगतो.

आमच्या अभ्यासवर्गात एक पोरगा तावातावानं म्हणाला, असल्या लोकांना सभ्य उत्तर देणं म्हणजे नवा जोहार. त्याचं निम्मं बरोबर आहे. आपल्या आज्यापणज्यांना सभ्यता विचारून कुणी शिकवली नव्हती. वाकायचं, अंतर राखायचं, 'जोहार मायबाप' म्हणायचं. पण दोस्तांनो, त्या जागी आपण 'जय भीम' आणला तो काय उद्धट आहे? तोही नम्रच. फक्त तो म्हणताना नजर समोरच्याच्या डोळ्यांत असते. मी ज्या सभ्यतेबद्दल बोलतोय ती ही.

तर मी काय करतो? मी विचारतो. 'कसे दिसतात हो ते?' आवाज न चढवता, खरोखर माहिती हवी असल्यासारखं. आणि मग गप बसतो. हे गप बसणंच अवघड. तोंडात शंभर वाक्यं येतात, ती गिळावी लागतात. पण आता यादी करायची पाळी त्याची. काळे? तर त्याला स्वतःचा मेहुणा आठवतो. बोलणं गावंढळ? तर समोर मी बोलतोय. एक साहेब 'म्हणजे जरा...' म्हणून थांबले ते थांबलेच. चहा निवला. शेवटी म्हणाले, 'अहो, मी चांगल्या अर्थानं म्हणालो.' मी म्हणलं, 'ठाऊक आहे साहेब. वाईट अर्थानं म्हणाला असतात तर विचारलंच नसतं.'

पुढं आठ दिवस मला चहाला कुणी हाक मारली नाही. मी तेव्हा कंत्राटावर होतो, कायम व्हायला चार महिने बाकी. सभ्य उत्तर फुकट मिळतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे चार महिने काढून बघावेत.

'थँक्यू' म्हणून मोकळं होता येतं. पुष्कळजण होतात, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण थँक्यू म्हणलं की सही झाली. मी त्यातला वाटत नाही, म्हणजे माझा भाऊ वाटतो, आणि तो जसा वाटतो ते वाईट, ह्या सगळ्याखाली माझी सही. आमच्या आईनं ती कधी केली नाही. ती पंतनगरात घरकाम करायची. एका घरच्या बाई मला बघून म्हणाल्या, 'तुझा थोरला तुमच्यातला वाटतच नाही गं, आमच्यातच खपून जाईल.' आई भांडी विसळत होती. हात न थांबवता म्हणाली, 'धाकटाबी माजाच हाय, बाई. दोगंबी एकाच पोटचे.' बस. ना आवाज, ना आदळआपट. बाईंनी पुढं तो विषय काढला नाही, आणि आईचं कामही गेलं नाही. दोन्ही साधलं. मला अजून असं एका दमात जमत नाही.

चेहऱ्यावरून जात ओळखायचा हा धंदा एकदा सरकारी खर्चानं झालेला आहे. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त रिस्ले. नाकाची रुंदी मोजायची, उंचीनं भागायची, शंभरानं गुणायचं; जितकं नाक रुंद तितकी जात खाली, असं त्याचं म्हणणं. गंमत अशी की बाबासाहेबांनी ते आकडे फेकून दिले नाहीत. अस्पृश्यांच्या मुळाबद्दल १९४८ साली त्यांनी जो ग्रंथ लिहिला त्यात घुर्यांच्या पुस्तकातली नाकांची मापं घेतली, शेजारीशेजारी मांडली आणि दाखवून दिलं की ह्याच मापानं बघितलं तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे निघतात. त्याआधी १९३६ साली, लाहोरच्या न झालेल्या भाषणात, पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच रक्ताचे, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परिया एकाच रक्ताचे, असं त्यांनी लिहून ठेवलंच होतं. शिवी न देता, समोरच्याचीच फूटपट्टी घेऊन. काळा ब्राह्मण आणि गोरा शूद्र बघून रुद्रसुद्धा कापतो, अशी म्हण मराठीत आहे. म्हणजे काळे ब्राह्मण नि गोरे शूद्र गावोगाव दिसत होतेच. दिसलं ते मानायचं नव्हतं, एवढंच.

आता आपल्या घरातलं. वधूवर मेळाव्याचा फॉर्म बघा. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. आणि रकान्याचं नाव काय? वर्ण! १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली आणि हा रकाना आपण आपल्याच पेनानं भरतोय. भावाच्या फॉर्मवर मी तो कोरा सोडला. दोन ठिकाणांहून फोन आले, 'मुलगा रंगानं कसा?' साहेबांचा प्रश्न आणि हा प्रश्न, मला तरी फरक सापडला नाही.

पण विचारायलाही समोर कुणी माणसासारखं उभं राहावं लागतं. २९ जानेवारी २०१४ ला दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलचा विद्यार्थी निडो तानिया दुकानात पत्ता विचारायला गेला. त्याच्या केसांवरून, दिसण्यावरून टिंगल झाली. त्यानं संतापून काच फोडली. त्याला मारलं. दुसऱ्या दिवशी तो मेला. मग केंद्र सरकारनं बेझबरुआ समिती नेमली. त्यानं काय उत्तर द्यायला हवं होतं असं ज्यांना सुचतं त्यांचं तोंड बघायची माझी इच्छा नाही.

भावाचं असं. तो मुलुंडला, बोरिवलीला टॉवरमध्ये कामाला जातो. खांद्याला पिशवी, हातात टेस्टर. वॉचमन एक शब्द बोलत नाही, नुसतं बोट दाखवतो. मागची लिफ्ट, जिच्यातून कचऱ्याचे डबे उतरतात. मी एकदा त्याच्याबरोबर गेलो तर मला पुढची लिफ्ट आणि त्याला मागची. मी त्याला माझी युक्ती सांगितली, विचारत जा म्हणून. तो हसला. 'दादा, तुला वाक्य मिळतं म्हणून तू उत्तर देतोस. मला बोट मिळतं. बोटाला काय विचारू?'

तरी त्यानं विचारलं. वॉचमन बिहारचा, त्यालाही तोंड बघूनच 'ए भय्या' म्हणणारे दिवसभर भेटतात. म्हणाला, 'साहब लोगों का ऑर्डर है।' ऑर्डर लेखी आहे का, कुठल्या सभेत झाली, कोणकोण त्या लिफ्टनं जायचं असं तीत लिहिलंय, हे भाऊ आता सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारणार आहे. अर्ज मी लिहून दिलाय. 'मा. महोदय' पासून 'कळावे, आपला विश्वासू' पर्यंत, कुठं एक वाकडा शब्द नाही. खाली सही त्याची, पुऱ्या आडनावानिशी. उद्या पुढच्या लिफ्टनं वर जाऊन हातात देणार म्हणतोय.