दादीची वाट

दोन खोल्यांच्या आमच्या घरात दारापाशी जेमतेम 3 बाय 4 फूट जागा. तिथेच चपला, दप्तरं, बुरखे, छत्र्या. फजरच्या अंधारात वुजूला उठलेल्या अम्मींचा पाय त्यातच अडकायचा. या वयात पडणं म्हणजे अंथरुणाला खिळणं. म्हणून ठरवलं, जमिनीवर काहीच ठेवायचं नाही. दारामागे खुंट्यांच्या दोन रांगा. खालची मुलांच्या हाताला येईल अशी. भिंतीला चपलांचा अरुंद रॅक, माणशी दोनच जोड, बाकीचे पलंगाखाली. टोप्या, तसबीह, किल्ल्या एका टोपलीत. ईदला पाहुण्यांसाठी रॅक रिकामा करतो. आता अम्मी कुणाला न उठवता भिंतीला हात लावून जातात. कुणी चप्पल मध्येच सोडली, तर धाकटा ओरडतो, "ती दादीची वाट आहे!"